दाजींचा खोकला

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके एकत्र केले, त्यात घाटाखालची चार गावं आणखी मिळवली, तरी माझ्या दाजींइतका भित्रा माणूस सापडायचा नाही. हे मी निंदा म्हणून लिहीत नाही. ते स्वतःच ही गोष्ट सांगत. एखाद्याला आपल्या बैलजोडीचा असावा तसा त्यांना आपल्या भीतीचा अभिमान होता. "आपन भितो, राव. त्येच्यात लपवायचं काय?" असं ते चारचौघांत म्हणत आणि म्हणता म्हणता एकदा मागं वळून पाहत. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. पिंपरी पेंढारच्या शिवारात, गावापासून मैलभर आत त्यांची वस्ती होती. तिच्या तीन बाजूंना ऊस आणि चौथ्या बाजूला गावाकडे जाणारी गाडीवाट, आणि त्या वाटेच्या दोन्ही अंगांना पुन्हा ऊसच. मी मंचरला एका शाळेत ग्रंथपाल होतो. मागं-पुढं कुणी नसल्यामुळं दर शनिवारी शाळा सुटली की आळेफाट्याला गाडी बदलून आक्काकडे जायचो. अशा किती शनिवारी दाजींच्या शेजारी बसून मी भ्यायलो, त्याची मोजदाद नाही. मागल्या हिवाळ्यात दाजी गेले. तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणतो आहे. रोज चार ओळी होतात, आणि त्यांतल्या दोन मी खोडतो.

भ्यायला कारणही तसंच होतं. कालव्याला पाणी आलं, बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला, आणि डोंगरातलं जनावर उतरून उसात राहायला आलं. बिबट्याला आमच्याकडे वाघच म्हणतात. दाजी तेही म्हणत नसत. ते "जनावर" म्हणत, आणि दिवस मावळल्यावर तेवढंही नाही. नुसती हनुवटी उसाकडे करत. मादी उसातच वीत होती, तिची पिल्लं उसातच मोठी होत होती, त्यांनी डोंगर कधी पाहिलाच नव्हता. आधी वस्तीवरची कुत्री गेली. मग शेळ्या गेल्या. मग दाजींची कालवड गेली. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत माणसं जायला लागली. शेजारच्या वस्तीवरची एक पोर दिवेलागणीला अंगणातून गेली. तिच्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. ती रोज दाजींकडे दूध घ्यायला यायची आणि तिची लहानशी किटली त्या दिवशी आक्काकडेच राहिली होती. ती किटली आक्कानं खुंटीवरून पुन्हा कधी काढली नाही. दाजी त्या खुंटीकडे पाठ करून जेवत.

त्या सुमारास दाजींना खोकला लागला. तो आजार नव्हता, तरी आम्ही त्यांना नारायणगावला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि छाती लख्ख असल्याचं सांगून औषधाची एक बाटली दिली. बाटली संपली. खोकला तसाच राहिला, कारण ऊस तसाच होता. गाडीवाटेच्या प्रत्येक वळणावर तीनदा, विहिरीच्या पायऱ्या उतरण्याआधी दोनदा, गोठ्याचं दार उघडताना एकदा मोठ्यानं आणि एकदा हळू, असा तो ठरलेला होता. जनावराला आपण आल्याचं आधी कळावं, म्हणजे ते आपणहून बाजूला होईल, हा त्यामागचा विचार. माणूस आणि वाघ यांच्यात वाईट घडतं ते दोघं एकमेकांना अचानक दिसल्यामुळं, असं दाजींचं ठाम मत होतं. सबब आपण कुणालाही अचानक दिसू नये. या नियमात त्यांनी पुढं माणसांचाही समावेश केला. आक्का चुलीपाशी असली तर स्वयंपाकघराच्या दारात ते खोकत. देवळात खोकत. एकदा गावातल्या एका लग्नात अंतरपाट दूर व्हायच्या क्षणी ते खोकले, आणि नवरा मुलगा दचकून चक्क एक पाऊल मागं सरकला. मांडव हसला, पण दाजींना त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. "इतक्या जवळनं अचानक दिसायचं म्हंजी..." ते मला हळूच म्हणाले.

नुसत्या खोकल्यावर त्यांचा भरवसा नव्हता. बेल्ह्याच्या जनावरांच्या बाजारात जाऊन त्यांनी पितळेची एक घंटा निवडायला घेतली. एक वाजवली, दुसरी वाजवली, पाचवी कानाशी धरली. व्यापारी कंटाळून म्हणाला, "बैल केवढा हाय ते सांगा राव, मानंचं माप सांगा." दाजी म्हणाले, "बैल न्हाय. मला पायजे." त्या व्यापाऱ्यानं मान वर करून दाजींकडे नीट पाहिलं, मग त्यांच्या मानेकडे पाहिलं, आणि गंभीरपणे एक मध्यम आकाराची घंटा काढून दिली. ती दाजींनी काठीला बांधली. पाणी धरायला जाताना एका हातात घंटेची काठी आणि दुसऱ्या खांद्याला मोठ्या आवाजात लावलेला रेडिओ असे. शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम लागला की ते रेडिओ उसाच्या बांधावर ठेवत. त्यांच्या उसातल्या बिबट्याला हरभऱ्याच्या सुधारित वाणांची माहिती जिल्ह्यातल्या कोणत्याही बिबट्यापेक्षा जास्त असणार, असं मी एकदा म्हणालो, तेव्हा आक्का पदर तोंडाला लावून हसली. दाजी हसले नाहीत. "ऐकू द्या की. ऐकतंय तवर कुटं हाय ते तर कळतंय," ते म्हणाले. ते कसं कळत होतं हे मी विचारलं नाही.

आणि ते कधी वाकत नसत. ओणवा किंवा उकिडवा बसलेला माणूस जनावराला शेळीएवढा दिसतो, म्हणून संध्याकाळनंतर घराबाहेर ताठ उभं राहायचं. चप्पल निसटली तर ती तिथंच राहायची. सकाळी मी वस्तीवरून गावाकडे निघालो की वाटेवर हटकून त्यांची एखादी चप्पल भेटे, बोटं घराकडे केलेली.

या माणसाला पाखरांचं ज्ञान मात्र विलक्षण होतं. ते भीतीतूनच आलं होतं. आक्कालाही पाखरांचा नाद होता, पण तो निराळा. मी तिला शाळेतून पाखरांचं एक चित्रांचं पुस्तक आणून दिलं, तेव्हा तिनं ओसरीवर बसून एकेक पान उलटत आपली सगळी पाखरं ओळखली. हा आपल्या तारेवरचा कोतवाल, हा बांधावरचा भारद्वाज, ही तर मेली टिटवी. तिला त्यांचे रंग आवडत. दाजींना रंगाशी कर्तव्य नव्हतं. पाखरू काय म्हणतं एवढंच ते ऐकत. टिटवी ओरडली तर माणूस चाललाय की कुत्रं चाललंय हे ते सांगत. झुडपातले सातभाई कलकलाट करू लागले, की दाजींचा घास हातात थांबे. थोडं ऐकून "साप हाय" किंवा "मांजर हाय" म्हणून ते पुन्हा जेवू लागत. एखाद्या वेळी काहीच न बोलता उठत आणि दाराला आतून आडणा घालत. त्या वेळी आम्हीही बोलत नसू.

एका डिसेंबरात माझी गाडी चुकली आणि गावच्या फाट्यावर उतरलो तेव्हा दिवस बुडत होता. दाजी घंटा घेऊन न्यायला आले होते. आम्ही वाटेला लागलो. वारा बिलकूल नव्हता. निम्म्या वाटेवर डाव्या हाताच्या उसातलं वाळलेलं पाचट वाजलं. आम्ही चाललो की ते वाजायचं, थांबलो की थांबायचं. आमच्या बरोबरीनं, आमच्याच चालीनं कुणीतरी उसातून येत होतं.  दाजी खोकले. घंटा वाजवली. मग अगदी रोजच्या आवाजात मला म्हणाले, "पावणं, तुमी फुडं व्हा. पळायचं न्हाय. मंचरला यंदा कांद्याला काय भाव हाय ते मोठ्यांदा सांगा." मला कांद्याचा भाव ठाऊक नव्हता. मी ग्रंथालयातल्या पुस्तकांची नावं मोठ्यांदा म्हणत चाललो. मागून खोकला आणि घंटा येत राहिली. वस्तीचा दिवा दिसला, आक्कानं दार उघडलं, आडणा पडला, आणि मी घटाघटा पाणी प्यायलो. दाजी भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या धोतराचा सोगा हलत होता. जनावर नेहमी मागच्याला धरतं, हे त्यांनीच मला कितीदा सांगितलेलं. ते मला त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवलं.

आता आक्काच्या डोळ्यांची गोष्ट सांगायला हवी. तिला साखरेचा त्रास होता आणि तिनं तो बरीच वर्षं कुणाला सांगितला नाही. डोळ्यांच्या पडद्यापर्यंत गेल्यावर कळलं. पुण्याला डॉक्टरांनी तपासलं आणि आम्हा दोघांना बाहेर बोलावून सांगितलं, की एक डोळा गेल्यात जमा आहे, दुसरा किती दिवस साथ देईल ते सांगता येत नाही; वर्ष, फार तर दोन. लांबचं तेव्हाच दिसत नव्हतं. वीस-पंचवीस पावलांच्या आतलं बरं दिसे. हे सगळं आक्कानं दाराआडून ऐकलं होतं. बाहेर येऊन बाकावर बसली आणि म्हणाली, "मग एक बगून घ्यायचं राह्यलंय." आम्हांला वाटलं तुळजापूर म्हणेल, फार तर काशी. ती म्हणाली, "वाघ बगायचाय. पट्ट्याचा. जंगलातला."

दाजी खोकले. भर दुपारी, दवाखान्यात, ट्यूबलाइटखाली.

मी तिला समजावू लागलो, की बिबटे तर वनखात्यानं पकडून आपल्याच तालुक्यात ठेवलेत, बघायचेच तर तिथं बघू. ती म्हणाली, "पिंजऱ्यातलं नगं. पिंजऱ्यात त्ये आपल्याला भितं." मग जरा थांबून म्हणाली, "उभा जन्म ज्याच्या भ्यानं दारं लावली, त्येला कदी नीट पाह्यलं नाय. ऊस हललेला पाह्यला. पाऊल पाह्यलं. कालवडीचं राहिलेलं पाह्यलं. एकदा त्येच्या थोरल्या भावाला तरी तोंडावर तोंड बगायचंय, मग डोळं गेलं तरी चालंल."

दाजी त्यानंतर चार दिवस नीट जेवले नाहीत. पाचव्या दिवशी मला म्हणाले, "पावणं, त्या गाडीला दारं असत्यात का?" मी खरं ते सांगितलं, की जंगलात नेतात ती जीप उघडी असते. वर काही नाही? वर काही नाही. बाजूला? बाजूला आडवा गज. त्यांनी डोळे मिटून ते सगळं गिळलं. मग त्यांनी माझ्याकडून वाघांवरचं एक पुस्तक मागून नेलं आणि त्यातलं 'घ्यावयाची काळजी' हे दीड पान इतक्या वेळा वाचलं की परत आलं तेव्हा पुस्तक आपोआप त्याच पानावर उघडू लागलं. निघण्याआधी ते एकटेच आंबेगावच्या पश्चिमेला डोंगरात जाऊन आले. तिकडे भातशेती करणारी माणसं वाघोबाला पुजतात. शेंदूर लावलेला एक दगड, त्यावर कोरलेलं जनावर. दाजींनी नारळ फोडून नवस बोलायला सुरुवात केली, तर तिथल्या म्हाताऱ्यानं त्यांना थांबवलं म्हणे. नवस नाही बोलायचा. "आमी हिकडनं जातोय, तू तिकडनं जा," एवढं सांगायचं आणि निघायचं. दाजींना हे फारच पटलं. परत आल्यावर म्हणाले, "बगा, म्हंजी मी धा वर्सं त्येच करतोय."

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिघं निघालो. आगगाडीनं नागपूर, तिथून एसटीनं चंद्रपूर, आणि पुढं जंगलाच्या फाटकाशी एका घरगुती खाणावळीत उतरलो. तीन फेऱ्यांची व्यवस्था मी केली होती: पहिल्या दिवशी संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळी. फाटकावर रखवालदारानं दाजींची पिशवी उघडली. घंटा निघाली, शिट्टी निघाली, रेडिओ निघाला, आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले सहा सुतळी बॉम्ब निघाले. रखवालदारानं ते एकेक करून टेबलावर मांडले. हे कशाला, असं त्यानं विचारलं. दाजी म्हणाले, "तुमच्या जनावराला कळाया नको का, आमी आलो म्हनून?" त्या माणसानं एक बॉम्ब उचलून पुन्हा रांगेत ठेवला. मग म्हणाला, "काका, इथं लोक वाघ पाहाले येतात जी." दाजी म्हणाले, "आमच्याकडं तो दिसू नये म्हनून समदं करत्यात." दोघांनी एकमेकांकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू समोरच्याला कालपासून ताप असावा. सामान फाटकावर ठेवून घेतलं गेलं. पण खोकला ठेवून घेता येत नाही.

पहिल्या फेरीत दाजींनी आक्काला जीपच्या मधोमध बसवलं, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ते. सोबत एक तरुण वाटाड्या आणि ड्रायव्हर. जंगलात शिरलो आणि पहिल्या वळणावर दाजी तीनदा खोकले. चितळांचा कळप उधळला. दुसऱ्या वळणावर खोकले, मोर उडाला. वाटाड्या अदबीनं म्हणाला, "असे काऊन खोकलून राहिले काका? पाणी देऊ का?" दाजींनी पाणी घेतलं आणि पुढच्या वळणावर खोकले. ते मुद्दाम करत नव्हते. वळण आलं की गळा आपोआप वाजायचा. दहा वर्षांची सवय होती. त्या संध्याकाळी आम्हांला एक मुंगूस दिसलं, तेही घाईत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी तोंडात खडीसाखरेचे मोठे खडे धरले. सूर्य वर येईपर्यंत एकही खोकला आला नाही. एका तळ्याकाठी वाटाड्यानं गाडी थांबवली आणि गवताकडे बोट केलं. आत वाघ निजलाय, जरा थांबलो तर पाण्यावर येईल, असं त्यानं खुणेनं सांगितलं. आम्ही थांबलो. आक्का गजावर हनुवटी टेकून त्या गवताकडे बघत राहिली.  आणि त्या शांततेत ठण्, ठण्, ठण् असा आवाज झाला. दाजींचा हात गजावर अंगठी आपटत होता, घरी विहिरीपाशी बादली वाजवतात तसा. त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं; आवाज कुठून येतोय म्हणून तेही आजूबाजूला पाहत होते. गवत हललं. काहीतरी मोठं उठलं आणि पलीकडच्या झाडीत गेलं. वाटाड्याला शेपूट दिसलं, मला पिवळसर काहीतरी दिसलं. आक्का म्हणाली, "गवत हललं." आणि थोड्या वेळानं, "तेवढं तर मी घरीबी बगते."

ती रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

दुपारी दाजी खाणावळीच्या अंगणात कडुनिंबाखाली बसले होते. समोरचं ताट तसंच होतं. मला म्हणाले, "संध्याकाळी तुमी दोगंच जावा, पावणं. मी ऱ्हातो हितं. मी आलो तर तिला न्हाय दिसायचं." एकच फेरी उरली होती आणि ते म्हणत होते ते खरं होतं.  आक्का आतून हात पुसत आली, खांबाला धरून खाली बसली आणि म्हणाली, "तुमी नसला तर मी जायाची नाय." दाजी म्हणाले, की अगं माझा गळा माझ्या हातात नाही. आक्का म्हणाली, "मग माझ्या हातात द्या." आणि ताट त्यांच्याकडे सरकवलं.

तर शेवटच्या फेरीला आम्ही असे निघालो: आक्का या वेळी कडेला, कारण मधून तिला दिसत नव्हतं, तिच्याशेजारी दाजी, खांद्यावरच्या टॉवेलचा बोळा तोंडात धरलेले, त्यांचे दोन्ही हात आक्काच्या मांडीवर, तिच्या हातांत. दाजींच्या दुसऱ्या बाजूला मी. वाटाड्यानं हे सगळं पाहिलं आणि ड्रायव्हरला निघायची खूण केली. आम्ही तास-दीड तास हिंडलो. तळं रिकामं होतं. दिवस खाली आला, झाडांच्या सावल्या वाटेवर आडव्या पडल्या, आणि ड्रायव्हरनं फाटकाकडे गाडी वळवली.  एका उंबराखालून जाताना दाजींचं अंग ताठ झालं. वस्तीवर घास हातात थांबायचा, तसं. त्यांनी आक्काच्या हातातून एक हात सोडवला, टॉवेल काढला आणि इतक्या हळू बोलले, की त्यांचा तो आवाज मी आधी ऐकला नव्हता. "थांबवा. सातभाई."

उताराच्या बाजूला बांबूत सातभाई कलकलत होते. वाटाड्या म्हणाला, ते दिवसभर भांडतच असतात जी. दाजी म्हणाले, "हे भांडान न्हाय. ही शिवी हाय. खाली जनावर हाय, आन् हिकडंच येतंय."

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. पुढचं मला नीट क्रमानं सांगता येईल असं वाटत नाही. सातभाई अचानक गप्प झाले हे आठवतं. मग बांबूतून वाघ बाहेर आला आणि वाटेवर उभा राहिला. मी वाघांवरची पुस्तकं वाचली होती, चित्रं पाहिली होती. त्यांत कुठंही तो एवढा शांत असल्याचं लिहिलेलं नव्हतं. त्यानं आमच्याकडे पाहिलं आणि तो चालू लागला, आमच्याच दिशेनं, पाय न वाजवता.  ओरडावंसं वाटलं; ओरडायला तोंडात थुंकी नव्हती. मी दाजींकडे पाहिलं. त्यांच्या गळ्याची घाटी वर चढत होती आणि खाली उतरत होती. टॉवेल पुन्हा तोंडात होता, दात त्यात रुतले होते, कपाळावरून घाम वाहत होता, आणि डोळे त्यांनी घट्ट, सुरकुत्या पडतील इतके मिटून घेतले होते. गजाच्या पलीकडून, आक्कापासून दोन हातांवरून वाघ गेला. त्याच्या अंगाचा उग्र वास आला. आक्का जागची हलली नाही. तिची मान त्याच्याबरोबर सावकाश वळत गेली. तो वाट ओलांडून पलीकडच्या सागात उतरला, आणि मग तिथं नुसते साग उरले.

वाटाड्यानं हळूच श्वास सोडला. मग दाजी खोकले. दोन फेऱ्यांचा दाबून ठेवलेला खोकला होता तो. फाटक येईपर्यंत थांबला नाही.

गावी परतल्यावर दाजी पार बदलले, असं लोक म्हणत. दूध घालायला गेले की डेअरीपुढं उभे राहून ते वाघाचं वर्णन करत. पहिल्या आठवड्यात तो कालवडीएवढा होता. पोळ्यापर्यंत बैलाएवढा झाला. त्यानं आमच्याकडे कसं पाहिलं, मिशा कशा हलल्या, पट्टे पाठीवरून पोटाकडे कसे उतरत गेले, सगळं ते सांगत. कुणी मध्येच डोळ्यांचा रंग विचारला, की ते जरा अडखळत आणि म्हणत, "त्ये आमच्या मंडळींना इचारा, त्या कडंला व्हत्या." मला खरं ठाऊक होतं. मी कधी कुणाला सांगितलं नाही. आक्काला ते माहीत नसावं, असं धरून चाललो होतो.

दोन वर्षांनी आक्काचा दुसरा डोळाही गेला. त्यानंतर दर संध्याकाळी, आडणा घालायच्या आधी, दाजी ओसरीवर तिच्याशेजारी बसत आणि तिला वाघ सांगत. तिनंच पाहिलेला वाघ, तिलाच. आणि ती त्यात दुरुस्त्या करी. "शेपूट खाली नव्हतं, वर व्हतं. टोकाला वळल्यालं." दाजी म्हणत, "हां, हां, वळल्यालं." दुसऱ्या दिवशी ते शेपूट वळलेलं सांगत. असं करता करता त्यांचा वाघ हळूहळू खरा होत गेला. शेवटी शेवटी तर मलाही त्यांच्या तोंडून ऐकताना त्याचा वास येई. ऊस त्या वर्षांतही हलत होता. पिंजरे लागत होते, कधी त्यांत बिबट्या सापडे, कधी शेळी नुसतीच ओरडत राही. दाजी आधी जसे भीत होते तसेच भीत राहिले. आता आक्काला हात धरून अंगणात नेताना दोघांच्या वाटणीचं खोकत, एवढंच.

मागल्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले. अचानक काही दिसणार नाही अशा बेतानं, न खोकता. दहाव्याला मी आक्काजवळ बसलो होतो. काहीतरी बोलायचं म्हणून मी जंगलातली ती संध्याकाळ काढली आणि मनात नसताना बोलून गेलो, की दाजींनी डोळे मिटले होते. आक्का म्हणाली, "मला ठावं नाय व्हय? माझी बोटं मोडायची बाकी ठिवली व्हती त्यांनी. मी अर्दा वेळ वाघाकडं बगितलं, अर्दा वेळ त्यांच्याकडं. मला दोनीबी बगायचं व्हतं."  मी तर तिची मान वाघाबरोबर वळताना पाहिली होती. मधल्या कोणत्या क्षणी मी डोळे मिटले होते, कोण जाणे.

मी नोकरी सोडली आणि आता आक्काकडेच राहतो. पितळी घंटा दारामागं काठीला तशीच बांधलेली आहे. परवा तिन्हीसांजेला आम्ही ओसरीवर बसलो होतो. बांधाकडच्या बोरीत सातभाई कलकलू लागले. आक्काची मान तिकडे वळली. भांडण की शिवी, मला अजून कळत नाही. गोठ्याचं दार लावायचं राहिलं होतं. मी काठी घेतली, घंटा वाजवली, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं आणि खोकलो.

आक्का ऐकत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "तसा नाय रं. जरा भिऊन खोक."